पडायचा असेल तर आत्ताच पडू दे

ट्रॅक्टर पडला तेव्हा मी टॉर्च आणायला घरात गेलो होतो. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागून ‘धप्प’ असा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी लोखंडी घरंगळत गेल्याचा. परत येऊन पाहिलं तर ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवर, जॅक आडवा होऊन बाजूला पडलेला, आणि ‘असू देत आधाराला’ म्हणून चासीखाली सरकवलेल्या विटांच्या दोन थप्प्यांपैकी एकीचा भुगा. पाठ टेकायला अंथरलेली चटई तशीच होती. फक्त तिच्या मधोमध गवत कापणारी पाती झाकणाऱ्या डेकच्या पत्र्याची कड रुतून एक छान अर्धगोल उमटला होता.

पाच मिनिटांनी मी त्या चटईवर असणार होतो.

दुखणं तसं साधं होतं. गवत कापायचा आमचा छोटा ट्रॅक्टर गेले काही दिवस चढावर दम टाकत होता. इंजिन व्यवस्थित घुमायचं, पण चाकांना जोर पोचायचा नाही. सकाळी पहिल्यांदा निघताना चिरकल्यासारखा आवाज यायचा, आणि अर्ध्या तासाने जळक्या रबराचा वास. म्हणजे चालवणारा पट्टा घसरत होता. या ट्रॅक्टरांचं इंजिन उभ्या दांड्याचं असतं, दांडा खाली निघतो आणि त्याच्या टोकाला पुली असते. तिथून पट्टा पोटाखालून लांबवर मागे गिअरबॉक्सच्या पुलीपर्यंत जातो, आणि वाटेत एक-दोन ताण देणाऱ्या पुल्या असतात. त्या सगळ्यावर खालून पातीचा डेक झाकण घातल्यासारखा बसलेला. वरून हात घालायला जागा नाही. थोडक्यात, पोटाखाली जाणं आलं.

मी काय केलं ते सांगतो, कारण हे बहुतेक जण असंच करत असावेत. फरशीवर ट्रॅक्टर उभा केला. पार्किंग ब्रेक ओढला. मागे जिथे ट्रॉली जोडतात त्या जाड पट्टीखाली गाडीचा ट्रॉली जॅक लावला आणि दांडा मारत मारत मागची चाकं वीतभर वर घेतली. विटा सरकवल्या. आणि स्वतःवर खूश होऊन टॉर्च आणायला गेलो.

संध्याकाळी बायकोने मला न विचारता माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांना फोन लावला. दाजींनी आयुष्यभर जड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय. फोन तिने माझ्या हातात दिला.

“ब्रेक लावला होतास?”

“हो दाजी, पार्किंग ब्रेक पक्का ओढला होता.”

“कुठल्या चाकांना लागतो तो?”

मी जरा थांबलो. “मागच्या.”

“आणि उचललंस काय?”

“मागचंच.”

“मग ब्रेक कुणाला लावला होतास? हवेला?”

हे मला सुचलंच नव्हतं. चाकं जमिनीवर असेपर्यंतच ब्रेकला अर्थ. मागची चाकं सुटली की सगळा ट्रॅक्टर पुढच्या दोन मोकळ्या, गरगर फिरणाऱ्या चाकांवर आणि जॅकच्या एका वाटीवर उभा. फरशीला पाणी वाहून जायला उतार असतोच. डोळ्याला दिसत नाही, पण चाकाला कळतो. ट्रॅक्टर बोटभर पुढे सरकला असेल, वाटी पट्टीच्या कडेवर आली असेल, आणि मग पडायला कितीसा वेळ लागतो?

“रविवारी येतो. तोवर हात लावू नकोस. आणि पुस्तिका-बिस्तिका जे काय त्याच्याबरोबर आलं असेल ते काढून ठेव.”

दाजी आले ते रिकाम्या हाताने. मला वाटलं होतं, मोठा जॅक वगैरे घेऊन येतील. त्यांनी आधी पुस्तिका वाचली, चष्मा कपाळावर चढवला, आणि पहिला प्रश्न विचारला: वजन किती? सगळा मिळून २७० किलोच्या आसपास, त्यातला डेक ५० किलोचा. डेक काढला तर राहिले २२०, त्यातले निम्मे मागे धरले तर ११० किलो.

“म्हणजे दोन माणसं. दोन माणसं छातीवर बसली तर हाक मारता येईल तुला? श्वास घ्यायला छाती फुगावी लागते. हा मोटारीएवढा जड नाही म्हणून लोक याला खेळणं समजतात.”

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. “उचलायलाच हवा का?” गंमत म्हणजे, पाती बदलणं, पातीच्या दांड्याची बेअरिंग बघणं, डेक खरवडणं यातल्या कशासाठीही ट्रॅक्टर उचलावा लागत नाही. डेक खाली उतरवून बाजूने ओढून काढायचा, उलटा करायचा आणि स्टुलावर बसून काम करायचं. आपल्याला मात्र मागच्या पुलीपर्यंत जायचं होतं, तेव्हा उचलणं भाग होतं. पण डेक काढून. मी पहिल्या वेळी डेकसकट उचलला होता, म्हणजे ५० किलो फुकट डोक्यावर घेतले होते आणि शिवाय काम करायची जागाही त्यानेच अडवली होती.

डेक काढताना एक धडा असा मिळाला की तो पुस्तिकेत ठळक चौकटीत छापलेला होता आणि मी तो कधी वाचला नव्हता. डेक वर-खाली करायच्या दांड्याला मदतीला एक जोरदार स्प्रिंग असते. डेकचं वजन त्या स्प्रिंगशी तोलून धरलेलं असतं. डेक सगळ्यात खालच्या खाचेत उतरवून पिना काढल्या की वजन गेलं, स्प्रिंग तशीच ताणलेली. आता दांडा खाचेतून सोडला तर तो सणकन वर येतो. दाजींनी मला बाजूला उभं केलं, दांडा घट्ट धरून हळूहळू वर जाऊ दिला आणि वरच्या खाचेत अडकवला. “हनुवटीवर बसतो हा,” एवढंच म्हणाले. हनुवटीवरची जुनी खूण मी त्या दिवशी पहिल्यांदा निरखून पाहिली.

मग बारीकसारीक. किल्ली काढून खिशात. प्लगची टोपी काढून लांब वळवून ठेवली. इंजिन दोन सिलिंडरचं असेल तर दोन्ही प्लगच्या. खालून पुली हाताने फिरवताना इंजिनही फिरतं, आणि गरम इंजिनाला चुकून ठिणगी पडायला किल्लीच लागते असं नाही. बॅटरीचं आधी वजा टोक सोडवलं, कारण पाना चुकून चासीला टेकला तरी त्या टोकाला ठिणगी पडत नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला. टाकी जवळजवळ रिकामीच होती, तेही बरंच झालं.

जागा बदलली. अंगणातली फरशी दाजींनी बुटाने ठोकून पाहिली आणि शेडमधल्या काँक्रीटकडे बोट दाखवलं. पडल्यानंतर मी इंजिन चालू केलं नव्हतं, म्हणून ट्रॅक्टर ढकलतच न्यायचा होता. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरबॉक्सचा ट्रॅक्टर असा ढकलला जात नाही. आतलं तेल चाकांना अडवून धरतं. मागच्या बाजूला एक छोटा दांडा असतो, तो ओढला की तेलाला वळसा मिळतो आणि चाकं मोकळी होतात. तो ओढून दोघांनी ट्रॅक्टर शेडमध्ये आणला. पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध नव्हता, पण अंगणापेक्षा खूपच बरा.

पाचरींवर मात्र त्यांनी वेळ घालवला. माझ्याकडे विटेचे तुकडे होते. ते त्यांनी बाहेर फेकले. जाड वाशाचे चार तुकडे घेऊन प्रत्येकाची एक बाजू तिरकी कापली आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून बसवून हातोडीने हलकेच ठोकले. विटेशी त्यांचं जुनं वैर दिसतं. कारण विचारलं तर म्हणाले, “लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, दबतं, वेळ देतं. वीट काही सांगत नाही. ठीक असते, ठीक असते, आणि मग नसते.” पोकळ सिमेंटचे ठोकळे तर विटेहून वाईट, कारण ते भिंतीत सगळ्या अंगावर सारखं वजन घ्यायला बनवलेले असतात, चासीची अरुंद लोखंडी कड एका जागी टेकली की तडकतात.

जॅक लावायच्या आधी आम्ही दोघं टॉर्च घेऊन आडवे पडून नुसते बघत होतो. कुठे लावायचा नाही, याची यादी मोठी निघाली. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, तिथे नाही. पाय ठेवायची पाटी पत्र्याची, तिथे नाही. ब्रेकच्या सळ्या, पट्टा निसटू न देणारे रक्षक, डेक लटकवायचे हात, काहीच नाही. उरली ती मागची जाड पट्टी आणि चासीच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या. जागा सापडल्यावर दाजींनी तिथे खडूने फुल्या मारल्या. मला ते तेव्हा जरा नाटकी वाटलं. नंतर अंधुक उजेडात घोडी, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारं लोखंडी स्टँड, बरोबर फुलीखाली सरकवताना कळलं.

ट्रॉली जॅकला चाकं का असतात, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ढकलत न्यायला सोपं पडावं म्हणून. ते आहेच, पण त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. वाटी जशी वर चढते तशी ती पुढे-मागेही सरकते. ट्रॅक्टर पाचरींनी अडकलेला, तेव्हा सरकायचं जॅकने. तो सरकायला खाली गुळगुळीत जमीन हवी. चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की जॅक हलत नाही आणि मग वाटीच लोखंडावरून घसरते. अंगणात माझ्या बाबतीत उतार आणि सांधा या दोघांनी मिळून काम केलं असावं, असं दाजींचं निदान. शेडमध्ये त्यांनी जॅकखालची जमीन आधी झाडून घेतली. एक बारीक खडा पुरतो म्हणाले. वाटीत जाड रबराचा तुकडा ठेवला, म्हणजे लोखंडावर लोखंड नको.

आता उचलणं. चार दांडे मारायचे, थांबायचं, चारी बाजूंनी बघायचं. जॅक उभा आहे ना, पट्टी वाटीच्या मधोमध आहे ना, पाचरी जागच्या जागी आहेत ना. पुन्हा चार दांडे. चाकं ३० सेंटिमीटर वर गेली तेव्हा थांबलो. पुढच्या-मागच्या चाकांत सव्वा मीटर अंतर, म्हणजे ट्रॅक्टर नाकाकडे साधारण १४ अंश झुकलेला. त्याहून जास्त कललं की इंजिनातलं तेल आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल नको तिथे जायला लागण्याची भीती.

मी खाली वाकून घोडी सरकवायला निघालो तर दाजींनी माझा खांदा धरला.

“हात आत जाईल, डोकं नाही. जॅकवर असलेल्या गाडीखाली अंगाचा जो भाग जाईल, तो गेला असं समजून चाल.”

जॅक हा उचलायला, घोडी धरायला. हे त्यांचं पालुपद दिवसभर चाललं होतं. जॅकमध्ये तेलावर दट्ट्या तरंगतो आणि त्या तेलाला अडवणारी एक रबरी कडी असते. ती जुनी झाली की तेल झिरपतं आणि गाडी न सांगता खाली येत राहते. शिवाय ज्या दांड्याने उचलायचं त्याच दांड्याने फिरवून उतरवायचंही. कुणाचा पाय अडखळला, दांडा फिरला, झालं. म्हणून वजन घोड्यांवर गेल्यावर दाजींनी पहिलं काम काय केलं, तर जॅकचा दांडा काढून भिंतीला टेकवून ठेवला.

घोड्या म्हणजे ती तीन-चार पायांची, दातेरी खांब वर-खाली होणारी लोखंडी स्टँडं. माझ्याकडे गाडीची एक जोडी होती, वापरात कधीच न आलेली. तिच्यावर २ टन लिहिलं होतं. ते जोडीचं मिळून आहे की एकेकीचं, हे वाचून घ्यायचं असतं. आम्हाला दोन्ही अर्थांनी भरपूर होतं. दातेरी खांब वर ओढून सोडला की खिट्टी दातात बसते, पण कधी कधी दाताच्या टोकावर अर्धवट टेकून राहते आणि वजन आलं की घसरते. म्हणून खांब वर ओढायचा, सोडायचा, वरून तळहाताने खाली दाबायचा. टक्क असा आवाज आला पाहिजे. माझ्या घोड्यांना आडवी सुरक्षा पिनही होती. ती इतके दिवस पिशवीतच पडून होती.

आणि इथे ती गोष्ट, जी मला एकट्याला कधीही कळली नसती. छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल चासीला दोन्ही टोकांना जखडलेला नसतो. मधोमध एका जाड पिनवर तो तराजूच्या दांडीसारखा झुलतो, म्हणजे खड्ड्याखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. चालवताना हे फार सोयीचं. पण मागची बाजू घोड्यांवर घेतली की पुढे दोन चाकं दिसत असली तरी आधार एकच, मधला. ट्रॅक्टर म्हणजे तिपाई झाली. त्यामुळे मागच्या दोन घोड्या जितक्या एकमेकींपासून लांब लावता येतील तितक्या लावायच्या. मी असतो तर दोन्ही मधोमध जवळ जवळ लावल्या असत्या, हात सहज पोचतो म्हणून.

याचीच दुसरी बाजू पुढचा भाग उचलताना येते. ॲक्सलच्या मध्यावर जॅक लावून उचललं तरी चासी त्या पिनवर डावी-उजवीकडे डुलत राहते. घोड्या ॲक्सलखाली नाही, चासीच्या पट्ट्यांखाली लावायच्या. मी पुढच्या महिन्यात स्टिअरिंगच्या सांध्यांना ग्रीस करायला पुढचा भाग उचलला तेव्हा हे केलं. त्या वेळी मागच्या चाकांना पाचरी, ब्रेक लावलेला, आणि तो ब्रेक या खेपेला खरोखर जमिनीवरच्या चाकांना. टाकी मागे असेल तर पुढून उचलताना झाकणाच्या हवेच्या भोकातून पेट्रोल ठिबकतं, तेव्हा टाकी निम्म्याच्या खाली हवी. असो, ते पुढचं.

जॅक हळूच सैल करून वजन दोन्ही घोड्यांवर उतरवलं. मग जॅक पुन्हा पट्टीला नुसता टेकेल इतपत वर घेतला आणि तसाच ठेवला. शिवाय चासीखाली लाकडाच्या जाड तुकड्यांची एक थप्पी रचली, दोन उभे, त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन उभे. अशा थप्पीची उंची तळाच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त कधीच नको. आमची दीडपटही नव्हती. वरचं लाकूड आणि चासी यांत बोटभर फट राहिली. घोडी निसटलीच, तर ट्रॅक्टर बोटभर पडेल, वीतभर नाही.

मला वाटलं, आता जायचं आत. दाजी म्हणाले, “हलव.”

“म्हणजे?”

“धर आणि हलव. ओढ, ढकल, बाजूने धक्का दे. पडायचा असेल तर आत्ताच पडू दे. तू खाली गेल्यावर नको.”

मी जरा भीतभीत ढकललं. “तुझ्या बहिणीचा पाळणा हलवतोयस का?” म्हणून त्यांनी स्वतः मागच्या मडगार्डला दोन्ही हात लावून असा हिसका दिला की शेडमधली बादली पडली. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. तरी डाव्या घोडीचा एक पाय काँक्रीटपासून कागदाएवढा उचललेला आहे हे त्यांनी पाहिलं. पुन्हा दांडा लावला, पुन्हा उचललं, घोडी चार बोटं सरकवली, पुन्हा उतरवलं, पुन्हा हिसका. एव्हाना सकाळ संपली होती आणि एकही नट सुटला नव्हता.

खाली गेलो ते डोळ्यांना चष्मा लावून, कारण वर्षभराचं वाळकं गवत आणि माती तोंडावर पडायला टपलेलीच असते. बायकोला सांगून ठेवलं की दर थोड्या वेळाने एक हाक मार. मागची पुली वरून दिसते तेवढी सोपी नाही. तिच्या डोक्यावर गिअरबॉक्स गार ठेवणारा प्लॅस्टिकचा पंखा असतो आणि पट्टा त्याच्या एकेका पात्यावरून वळवत काढावा लागतो. गिअरबॉक्सच्या पंखांसारख्या उभ्या कडा गवताने पार लिंपलेल्या होत्या. म्हणजे आतलं तेल तापत होतं. चढावर जोर जायला पट्ट्याबरोबर हेही कारण असणार. ब्रशने ते सगळं खरवडलं.

ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग हूकने ओढून आधी सोडवली. पुली हाताने फिरवली तर खरखर, जणू आत वाळू भरलीय. पट्ट्याची एक बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती. दोषी सापडला होता. फक्त त्या पुलीचा बोल्ट सुटत नव्हता. मी लांब पाना लावला, पाय रोवले आणि बाजूला जोरात हिसडा दिला.

ट्रॅक्टर हलला. पडला नाही, नुसता कुरकुरला, आणि लाकडाच्या थप्पीवरची फट एका बाजूला किंचित कमी झाल्यासारखी वाटली. मी तसाच गोठलो. दाजींनी माझ्या पायावर दोन टिचक्या मारल्या. बाहेर ये. आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच जास्त लागलं.

घट्ट नट जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे असतात, उचलल्यावर नाही; आणि उचललेल्या गाडीखाली जोर लावावाच लागला तर लांबीच्या दिशेने, आडवा कधीच नाही. आम्ही सगळं उलट क्रमाने केलं. पोटाखालची हत्यारं काढली, उचललं, घोड्या काढल्या, उतरवलं. जमिनीवर टेकलेल्या ट्रॅक्टरच्या बाजूने हात घालून, गंज सोडवणारं तेल मारून, थोडा वेळ थांबून तो बोल्ट सैल केला. फार जोरही लागला नाही. मग पुन्हा पाचरी तपासणं, पुन्हा चार-चार दांडे, फुल्या, टक्क, हिसका. दुसऱ्या वेळी हे सगळं वीस मिनिटांत झालं. हात सरावले होते.

नवी पुली, नवा पट्टा. काढायच्या आधी मी जुन्या पट्ट्याची वाट मोबाईलवर टिपून ठेवली होती, तरी एका जागी पट्टा रक्षकाच्या बाहेरून घातला आणि पुन्हा काढावा लागला. इंजिनाच्या पुलीसाठी पुढचा भागही उचलू या का, असं मी विचारलं. दाजी बाजूला बसले, हात आत घातला आणि पट्टा पुलीवर चढवून दाखवला. ज्यासाठी उचलावं लागत नाही ते उचलायचं नाही, हा त्यांचा नियम चारही चाकं हवेत घेण्याच्या हौसेला फार मारक आहे. प्रत्यक्ष दुरुस्ती पाऊण तासाची. बाकी सगळा दिवस उचलण्या-उतरवण्यात गेला.

उतरवताना त्यांनी मला पाने मोजायला लावले. एक कमी. १३ नंबरचा, तो गिअरबॉक्सच्या वर आडवा पडलेला सापडला, नेमका पंख्याच्या शेजारी. मग जॅकचा व्हॉल्व्ह अगदी केसभर फिरवत ट्रॅक्टर टेकवला. टायर दबून त्याने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला. दाजी हात पुसून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी डेक बसवला, बॅटरी जोडली, प्लगची टोपी घातली आणि किल्ली फिरवली. इंजिन झकास. पेडल दाबलं, काही नाही. पुढे नाही, मागे नाही. आणखी दाबलं, इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही. म्हणजे पट्टा उतरला, किंवा मी उलटा घातला, किंवा मागची पुलीच फिरत नाही. काल जे केलं ते सगळं पुन्हा. मी इंजिन बंद केलं, मुकाट्याने चार पाचरी आणल्या, पुढच्या चाकांना बसवल्या, ठोकल्या. जॅक ओढत आणला. मग मनात आलं, आधी विचारून तर घेऊ.

“शेडमध्ये ढकलत आणला होता ना आपण?” दाजींनी विचारलं.

“हो.”

“मग तो मागचा छोटा दांडा आत कुणी ढकलला?”

मी फोन कानाला लावूनच मागे गेलो. दांडा दोन बोटं बाहेर होता. आत ढकलला, सीटवर बसलो, इंजिन चालू केलं आणि पेडल दाबलं. ट्रॅक्टर दणकन पुढे आला आणि दोन मिनिटांपूर्वी मीच ठोकलेल्या पाचरींवर अडकला.

“चालला का?” दाजी विचारत होते.

“चालला,” मी म्हणालो. पाचरींचं त्यांना सांगितलं नाही.